मदत हवी आहे: मेनोपॉजसाठी जेल सुरू करून तीन आठवडे झाले, गरम वाफा थांबत नाहीत

सायली
वय ४८, शेवटची पाळी सात महिन्यांपूर्वी, गर्भाशय आहे. दिवसातून आठ-दहा वेळा छातीपासून कपाळापर्यंत वाफा येतात. रात्री गाऊन भिजतो, तीनला जाग येते आणि मग झोप नाही. डॉक्टरांनी ०.०६ टक्क्यांचं इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेन हार्मोन) जेल, रोज पंपाचा एक दाब, आणि महिन्यातले १२ दिवस प्रोजेस्टेरॉन २०० मिलिग्रॅम दिलंय. जेल सकाळी उठल्या उठल्या लावते, अर्ध्या तासाने आंघोळ. प्रोजेस्टेरॉन जेवणाबरोबर घेतलं की गरगरतं, म्हणून तीन दिवसांत बंद केलं. थायरॉइडची ५० ची गोळी सकाळी चहाबरोबर, नाश्त्यानंतर कॅल्शियम. बीपी, मॅमोग्राफी ठीक. जेल दोन दाब करू का? आणि याने कॅन्सर होतो का?

निशिगंध
सायलीताई, डोस नंतर बघू. आधी प्रोजेस्टेरॉनबद्दल डॉक्टरांना आजच फोन करा. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर आतलं अस्तर जाड होत जातं आणि तिथल्या कॅन्सरचा धोका वाढतो. ती गोळी अस्तराच्या संरक्षणासाठीच आहे. अन्नाबरोबर ती जास्त शोषली जाते, म्हणून गरगरतं. जेवणानंतर दोनेक तासांनी, अंथरूण घालून झाल्यावर घ्या. तिची गुंगी मग झोपेच्या कामी येते. तरीही सोसलं नाही तर डॉक्टर ती देण्याची पद्धत बदलू शकतात, पण मनाने बंद करू नका. १२ दिवसांचा कोर्स संपल्यावर पाळीसारखा रक्तस्राव होईल, तो अपेक्षित आहे.

आता जेल. एका दाबात १.२५ ग्रॅम जेल, म्हणजे ०.७५ मिलिग्रॅम इस्ट्राडायोल. लावल्यावर निदान तासभर पाणी लागू द्यायचं नाही. तुमचं बरंचसं औषध मोरीत जात असणार. आंघोळ करून अंग कोरडं झालं की दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीच्या आतल्या बाजूला पातळ पसरा, चोळू नका. स्तनांवर कधीच नाही. पाच मिनिटं वाळू द्या, हात साबणाने धुवा, त्या जागी तासभर लोशन नको आणि लहान मुलाला ती जागा लागू देऊ नका. जेलमध्ये अल्कोहोल असतं, ते पेट घेतं. ओलं असताना देवाजवळ निरांजन लावायला किंवा गॅसपाशी जाऊ नका. असं नीट लावून सहा-आठ आठवडे बघा, रोज वाफा किती आल्या ते कॅलेंडरवर मांडा आणि तो आकडा घेऊन डोसचं विचारा.

कॅन्सरची भीती मुख्यतः २००२ च्या अमेरिकी अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि गोळ्या वेगळ्या होत्या. दोन्ही हार्मोन्स घेणाऱ्या हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचा एकाहून कमी जादा रुग्ण दिसला. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आधी सुरू केलं तर बहुतेकींना फायदाच जास्त. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, नेहमीच्या डोसच्या जेलने तसा वाढलेला दिसत नाही. मात्र स्तनाचा कॅन्सर, गुठळी, पक्षाघात, हार्ट अटॅक, यकृताचा चालू आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर हा मार्ग नाही.

अजून एक, हे हार्मोन्स गर्भनिरोधक नाहीत. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं काळजी घ्यावी लागते.

खलबत्ता
थायरॉइडची गोळी चहाबरोबर नको. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याने घ्या आणि अर्धा तास ते तासभर काही नको. कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणात. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या, तो बिघडला तरी घाम आणि झोपमोड होतेच.

दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन कप दूध-दही आणि शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकऱ्या यांत आठशेच्या आसपास मिळतं. गोळीतून एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून जास्त घेतलं तर ते कमी शोषलं जातं. ड जीवनसत्त्वाची ६०,००० ची पुडी आठवड्यातून एकदा, ठरलेले आठवडेच. बऱ्याच जणी ती वर्षभर घेत राहतात, तसं करू नये.

चालण्याने हाडांना पुरेसा ताण मिळत नाही. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस, दहाच्या तीन फेऱ्या, मग हातात वजन घेऊन. याने वाफा थांबतील असं मात्र समजू नका. वजन जास्त असेल तर ते कमी केल्याने वाफा कमी होतात. चार नंतरचा चहा बंद करून बघा.

सायली
आभार. मावसबहीण स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन (स्तनात इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी) घेते, तिलाही वाफा येतात. सोया किंवा शतावरी चालेल?

निशिगंध
सोया, शतावरीचा वाफांवर भरवशाचा पुरावा नाही, आणि तिच्या आजारात इस्ट्रोजेनसारखं काही मनाने घेऊ नये. तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना व्हेन्लाफॅक्सिनबद्दल (मुळात नैराश्यावरचं औषध) किंवा रात्रीच्या गॅबापेंटिनबद्दल (मुळात फिट्स आणि नसांच्या दुखण्यावरचं) विचारायला सांगा. पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरचं दुसरं औषध नको, त्याने टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होतो. व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन एकदम बंद करायची नसतात, डोस हळूहळू उतरवतात.