मदत हवी आहे: सुईशिवाय इन्सुलिन, त्वचेवर उरलेल्या थेंबाचं काय करायचं?

आईला टाइप २ मधुमेह आहे. रात्री ग्लार्जिन (दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन) २२ युनिट, जेवणाआधी लिस्प्रो (झटपट काम करणारं इन्सुलिन) ६ युनिट. सुईची भीती इतकी की इन्सुलिनचं पेन हातात घेतलं की पोट आक्रसून घेते, आणि कधीकधी डोस गुपचूप चुकवते. तेच जास्त घातक आहे.

४ मिमीची सुई वापरून पाहिली, जागाही रोज बदलतो. तरी भीती जात नाही. श्वासातून घ्यायचं इन्सुलिन दम्यामुळे बाद. शिवाय ते फक्त जेवणाच्या वेळचं, रात्रीचं टोचावंच लागतं.

म्हणून डॉक्टरांच्या संमतीने जेट इंजेक्टर आणलाय, म्हणजे सुईऐवजी दाबाने बारीक धार त्वचेखाली जाते. सध्या फक्त लिस्प्रोसाठी. पाचांतल्या दोन वेळा त्वचेवर ओला थेंब राहतो, एकदा काळंनिळंही झालं. नोझल काटकोनात टेकवतो, हवेचे बुडबुडे काढतो. थेंब दिसला म्हणून पुन्हा डोस देत नाही, दोन तासांनी साखर मोजतो.

डोस डॉक्टरच ठरवतील. मला वापरणाऱ्यांकडून एवढंच हवंय: थेंब राहू नये म्हणून नोझल किती दाबून, किती सेकंद धरता? आणि ग्लार्जिनही यातूनच घेणाऱ्यांना सकाळच्या उपाशीपोटीच्या साखरेत फरक दिसला का?