उसण, मालिश आणि ‘सूज’: हाताने केलेल्या उपचाराने नेमकं काय होतं?

निफाडची_बाग
धाकट्या भावाची कंबर तीन आठवड्यांपासून धरली आहे. वय ३४. द्राक्षबागेत विरळणीचं (घडातले जास्तीचे मणी काढायचं) काम, म्हणजे दिवसभर मांडवाखाली हात वर, मान मागे. पायात कळ किंवा मुंग्या नाहीत. एमआरआयमध्ये एल४-एल५ ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती किंचित फुगलेली आलीय. नाशिकरोडचे एक जण म्हणतात, “मणका बसवतो, एका बैठकीत आतली सूज उतरेल.” घरचे म्हणतात पायाळू माणसाची लाथ लावून घ्या. यात तथ्य किती?

गंगापूररोड_फिजिओ
मणका जागचा हललेलाच नसतो, मग बसवणार काय? ‘कट्’ आवाज हाडाचा नाही. सांध्यावरचा दाब एकदम उतरला की आतल्या द्रवात वायूची पोकळी होते. २०१५ मध्ये बोटाच्या सांध्याच्या चालू एमआरआयमध्ये ती दिसली. आवाज आला नाही म्हणून उपचार फुकट गेला असंही नसतं.

सुजेचं म्हणाल तर काही छोट्या अभ्यासांत मणक्यावरच्या उपचारानंतर रक्तातली टीएनएफ-अल्फा, आयएल-६ सारखी सुजेशी संबंधित द्रव्यं थोडी बदललेली दिसली. पण त्या बदलामुळेच दुखणं कमी झालं हे सिद्ध नाही. साध्या कंबरदुखीत सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) बहुतेकदा नॉर्मलच असतो. हाताच्या दाबाने होतं ते मुख्यतः मज्जातंतूंच्या पातळीवर: दुखण्याचे संदेश दबतात, आखडलेले स्नायू सैल पडतात, वाकायची भीती जाते. परिणाम काही तास ते काही दिवस. त्या मोकळ्या वेळात व्यायाम झाला तरच पैसे वसूल.

चकतीचं टेन्शन नको. तिशीतल्या, अजिबात न दुखणाऱ्या १०० पैकी साधारण ४० जणांच्या एमआरआयमध्ये ती फुगलेली सापडते.

बैठक अशी असावी: आधी उभं राहून पुढे वाकायचं, बोटं जमिनीपासून किती सेंमीवर थांबतात ते मोजायचं. पालथं झोपवून पोटाखाली उशी. तळहाताच्या कडेने दुखऱ्या मणक्यावर सेकंदाला एक-दोन या लयीत ३० ते ६० सेकंद दाब, असे तीन फेरे. दुखणं जास्त असेल तर हलका दाब, ताठरपणा जास्त असेल तरच खोल. लगेच पुन्हा वाकून मोजायचं. तीन-चार बैठकांत फरक नाही तर पद्धत बदला; आगाऊ १५ बैठकांचं पॅकेज घेऊ नका. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं चालतं, पायात नवीन कळ उतरणं चालत नाही.

सांधेवात_विभाग
वरचं पटतं, पण एक प्रश्न राहिला: सकाळी कंबर मोकळी व्हायला किती वेळ लागतो? अर्ध्या तासाहून जास्त, पहाटे दुखण्याने जाग, आराम केला की वाढतं आणि चाललं की उतरतं, असं तीन महिने चाललेलं असेल तर ती खरी सुजेची कंबरदुखी. मग एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेल्या जनुकाची रक्ततपासणी), सीआरपी आणि त्रिकास्थीच्या (कंबरेखालच्या, माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या) सांध्यांचा एमआरआय. ती सूज मालिशने उतरत नाही, औषध लागतं. आणि वर्षानुवर्षं जुन्या अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसमध्ये (मणक्यांच्या सांधेवातात) मणके जुळून आलेले असतात, तिथे झटका दिला तर फ्रॅक्चर होऊ शकतं.

लघवी अडणं, बसायच्या जागेला बधिरपणा, दोन्ही पायांत अशक्तपणा: यातलं एकही असेल तर हात लावू न देता थेट इमर्जन्सी.

निफाडची_बाग
सकाळी दहा मिनिटांत मोकळी होते. संध्याकाळी मांडवाखालून आला की जास्त. पुढे वाकलं की बरं वाटतं.

गंगापूररोड_फिजिओ
म्हणजे दुखणं मागे झुकण्याचं आहे. मांडव डोक्यापासून उंच असेल तर पायाखाली क्रेट नाही, रुंद ठोकळा घ्या. हात खांद्याच्या फार वर जायला नकोत. एक पाय विटेवर, दर दहा मिनिटांनी पाय बदल. अर्ध्या तासाने उकिडवं बसून २० सेकंद. घरी पाठीवर झोपून गुडघे छातीशी, १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. पूर्ण विश्रांती देऊ नका, कंबर अजून ताठरते.

पंचवटीकर
आणि ती लाथ?

गंगापूररोड_फिजिओ
उसण बहुतेकदा काही दिवस-आठवड्यांत आपोआप उतरते, श्रेय लाथेला जातं. वय झालेल्या, ठिसूळ हाडांच्या किंवा स्टेरॉइडवर असलेल्या माणसाला मारली तर मणका दबू शकतो. भावाला नकोच.