बेरीज खरी, पण क्रमाचं काय?

मेंदूतल्या पेशीबद्दल, म्हणजे न्यूरॉनबद्दल, बऱ्याचदा असं म्हटलं जातं: ‘न्यूरॉन म्हणजे शेवटी बेरीजच, आलेले सिग्नल जमवायचे आणि उंबरठा ओलांडला की फायर करायचं, म्हणजे पुढे सिग्नल पाठवायचा.’ मॅकलक आणि पिट्स यांच्या १९४३च्या न्यूरॉनच्या गणिती मॉडेलपुरतं ते बरोबर आहे. खऱ्या पेशीला मात्र डेंड्राइटच्या, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या, फांद्या असतात, आणि सिग्नल कोणत्या फांदीवर, कुठे, कोणाच्या मागून आला यावर बरंच काही ठरतं. विल्फ्रिड रॉल यांनी १९६४ मध्येच डेंड्राइटचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्याची समीकरणं मांडून हे दाखवलं होतं. पुढे २०१० मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या पेशींवर प्रयोगातही तेच दिसलं.

हे घरी करून बघता येतं, आणि बघावंच. पेशीचं मॉडेल संगणकावर चालवणारं ‘न्यूरॉन’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे, पायथॉनमधून चालतं. घणसोलीला भाची आली होती, तिला साध्या लॅपटॉपवर एकच लांब डेंड्राइट करून त्यावर ओळीने काही सिनॅप्स (दुसऱ्या पेशीचा सिग्नल जिथे येतो ते जोड) बसवून दाखवले. हे सिनॅप्स टोकाकडून पेशीकायेकडे (पेशीच्या मुख्य भागाकडे) क्रमाने चेतवले की सगळ्यांचा परिणाम पेशीकायेत जवळपास एकाच वेळी पोचतो आणि व्होल्टेजचं शिखर उंच जातं. क्रम उलटा केला की तेच सिनॅप्स, तीच ताकद, पण शिखर बुटकं आणि आलेख पसरट. उंबरठा मधे ठेवला तर पहिल्या क्रमाला पेशी फायर होते, दुसऱ्याला गप्प बसते. साध्या बेरजेत हा फरक कुठून आणणार? बेरीज दोन्हीकडे सारखीच येते.