पाईप फुलवताना सरळ रेषेत फाटतोय, वेल्ड तर कुठेच मारलेला नाही!

भोसरी_फॅब:
नमस्कार मंडळी. छोटं युनिट आहे आपलं. एका जॉबसाठी 6063 टी6 चा पाईप आणलाय (6063 म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा ग्रेड, टी6 म्हणजे कडक केलेला), 40 एमएम ओडी म्हणजे बाहेरचा व्यास, 3 एमएम जाडी. एक टोक कोनावर दाबून 45 पर्यंत फुलवायचं, एवढंच काम. मागच्या लॉटला एकही पीस गेला नाही, आणि आता दहातले तीन-चार फाटतायत आणि तेही कसे तर सुरीने चिरल्यासारखे, लांबीत एकदम सरळ. सप्लायर म्हणतो एक्सट्रुजनला, म्हणजे डायमधून दाबून काढलेल्या मालाला, वेल्ड नसतोच, तुमचा पंच चेक करा. पंच तोच, प्रेस तोच, पोरगं पण तेच. नक्की बघू काय?

टिग_मास्तर:
वेल्डिंगला फिलर (भरायची तार) कुठला वापरलाय? नंतर अ‍ॅनोडाइज करणार असाल तर 5356 घ्या, 4043 काळपट दिसतो.

भोसरी_फॅब:
अहो दादा वेल्डिंग केलंच नाहीये, तीच तर बोंब आहे 😅

प्रेसवाला:
तुमचा सप्लायर एकतर नवीन आहे नाहीतर तुम्हाला शेंडी लावतोय. पोकळ माल पोर्टहोल डायमधून (आत पोर्ट म्हणजे भोकं असलेल्या साच्यातून) काढला असेल, आणि बाजारातला बहुतेक तसाच असतो, तर वेल्ड असणारच. बिलेट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा ओंडका, 450-480 डिग्रीला तापवून डायवर दाबतात, तिथे त्याचे तीन-चार प्रवाह होतात, मधला मँड्रेल (पोकळी पाडणारा दांडा) धरून ठेवणाऱ्या ब्रिजला वळसा घालून ते वेल्डिंग चेंबरमध्ये परत भेटतात आणि नुसत्या दाबावर चिकटतात. काही वितळत नाही, अ‍ॅल्युमिनियम वितळायला 660 लागतात. चार पोर्ट असतील तर पाईपभर चार शिवणी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नीट चिकटल्या तर आयुष्यात कळत नाहीत. पण बिलेट थंड गेलं, चेंबर उथळ आहे, ब्रिजमागे माल भरलाच नाही आणि तिथे हवा राहिली, किंवा बट (बिलेटचं उरलेलं शेपूट) कापायच्या ब्लेडचं तेल बिलेटच्या तोंडाला लागलं की झालं, वरून चकचकीत आणि आत नुसतं टेकवलेलं.

घरीच तपासा. आडवा काप घ्या, पॉलिश पेपर मारा, 10-15 टक्के कॉस्टिक सोड्याच्या 60 डिग्री पाण्यात काही मिनिटं बुडवा. प्लास्टिकची किंवा स्टीलची बादली घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नको (आमच्याकडे एकाने घेतलं होतं, पातेलं गेलं). हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावर करा, गॉगल आणि ग्लव्हज घालूनच. धुवून नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये बुडवला की काळं निघतं आणि शिवणी दिसतात.

डाय_करेक्टर:
वरचं सगळं बरोबर, पण भाऊ तुमची पण थोडी चूक आहे. 40 चा 45 म्हणजे बाहेरून साडेबारा टक्के ताण, आतून त्याहून जास्त. टी6 मध्ये 6063 जेमतेम तेवढाच ताणतो, त्यामुळे तुम्ही काठावरच काम करताय आणि मागचा लॉट निघाला हे नशीब समजा. टी4 मध्ये (त्याहून मऊ अवस्थेत) मागवा, फुलवा, मग 175 डिग्रीला आठ तास एजिंग करा, म्हणजे भट्टीत ठेवून कडक करा, ताकद परत येते. साबण लावून गॅसने तापवायचा जुगाड करू नका, मऊ होतो पण नंतर नुसत्या एजिंगने टी6 होत नाही.

आणि फाटलं म्हणजे शिवण वाईट असं लगेच म्हणू नका. शिवणीवरच फाटला तर शिवण, बाजूला फाटला तर शिवण चांगली, मटेरियलने हात टेकले.

भोसरी_फॅब:
केलं काल. चार रेषा दिसल्या, नव्वद नव्वद अंशावर. फाटलेले सगळे पीस रेषेवरच. पण दोन पीसमध्ये रेषेच्या दोन्ही बाजूला पापणीसारखा गोलसर आकार दिसतोय, चांगल्या पीसमध्ये तो नाही. हे काय?

प्रेसवाला:
सापडलं! तो चार्ज वेल्ड, म्हणजे जुन्या आणि नव्या बिलेटचा सांधा. बिलेट बदलायला प्रेस थांबतो तेव्हा पाईपवर गोल रिंग पडते, तो स्टॉप मार्क. पण सांधा त्या रिंगवर नसतो, रिंगनंतर जो माल येतो त्यात असतो, कारण डायमध्ये भरलेला जुना माल आधी निघतो. सप्लायरला विचारा रिंगनंतर किती कापता.

भोसरी_फॅब:
विचारलं. म्हणे रिंगच्या दोन्ही बाजूला 150 एमएम.

डाय_करेक्टर:
😂 तुमचा पाईप मीटरला साधारण 940 ग्रॅम. पोर्ट आणि चेंबर मिळून अडीच किलो माल बसत असेल असं धरा, तर सरळ हिशोबाने रिंगनंतरचा अडीच मीटरहून जास्त जुनाच. त्यात मधला माल पुढे पळतो, म्हणून नवा त्याआधीच डोकावतो आणि कडेचा जुना मागे रेंगाळतो. 150 मध्ये त्याने फक्त रिंग कापली, सांधा सगळा तुम्हाला विकला. पापणीवाल्या पीसचे फोटो पाठवा आणि लॉट परत करा. पुढच्या ऑर्डरवर लिहून घ्या, रिंगनंतरची स्क्रॅप लांबी एचिंग करून (तोच कॉस्टिकचा प्रयोग) ठरवायची आणि दर लॉटला फ्लेअर टेस्ट, म्हणजे टोक फुलवून बघायची चाचणी.

भोसरी_फॅब:
फोटो पाठवलेत. आता म्हणतो "अर्धा लॉट बदलून देतो". कुठला अर्धा ते त्यालाच माहीत नाही.

टिग_मास्तर:
दादा मग फाटलेले पीस 5356 ने भरून घ्यायचे का? 😜