मदत हवी आहे: पगाराचा फरक आला, उत्पन्न ८ लाखांच्या वर गेलं, आता दोन्ही मुलांच्या फीचं कसं करायचं?

नमस्कार मंडळी. धागा लांब होणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. मिस्टर एमआयडीसीतल्या एका कंपनीत मशीनवर आहेत, २१ वर्षं झाली. मी घरी असते, सासूबाई आमच्याजवळच असतात. ३० गुंठे ऊस आहे. मोठा मुलगा पुण्यात प्रायव्हेट कॉलेजला मेकॅनिकलला आहे, आता तिसऱ्या वर्षाला जाईल. धाकटीची यंदा बारावी झाली, सीईटीला ९१ पर्सेंटाइल आहेत आणि तिला कॉम्प्युटरच घ्यायचंय. कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म याच आठवड्यात भरायचाय.

आम्ही ओपनमधले. मुलाला दोन वर्षं राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, म्हणजे सगळे ईबीसी म्हणतात ती, मिळाली. त्याची वर्षाची फी १ लाख ३८ हजार, त्यात ट्यूशन १ लाख २० हजार आणि डेव्हलपमेंट १८ हजार. ईबीसीत ट्यूशनची निम्मी माफ म्हणजे ६० हजार सुटतात. बाकीचे ७८ हजार अधिक त्याची रूम आणि मेस महिन्याला ९ हजार, हे आम्ही कसंबसं ओढत होतो. मुलीचं टेन्शनच नव्हतं कारण २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी १०० टक्के माफ झालीये. जुलै २०२४ मध्ये जीआर निघाला तेव्हा ती अकरावी संपवून बारावीत गेली होती, मी तिला तेव्हाच म्हटलं होतं की बाई तू फक्त अभ्यास कर, फीचं सरकार बघतंय.

आणि आता हे झालं. कंपनीत युनियनचा पगारवाढीचा करार रखडला होता, तो गेल्या वर्षी झाला आणि मागच्या १५ महिन्यांचा फरक एकदम मिळाला, १ लाख ६२ हजार. त्या दिवशी मिस्टर पेढे घेऊन आले होते. एरवी त्यांचा वर्षाचा पगार ६ लाख ३१ हजार बसतो, फॉर्म १६ वर, म्हणजे कंपनी देते त्या पगार आणि टॅक्सच्या कागदावर, यंदा ७ लाख ९३ हजार आलेत. त्यात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यांनी शेतीचे ४५ हजार धरले. एकूण ८ लाख ३८ हजार. ८ लाखांच्या अटीतून ३८ हजारांनी बाहेर.

मी वहीत मांडून बघितलं. फरकातले पीएफ आणि टॅक्स जाऊन हातात १ लाख ३० हजार आले. त्याच्यामुळे मुलाचे ६० हजार जाणार आणि मुलीचं कॉलेज तसंच मिळालं तर तिचे १ लाख २० हजार जाणार, म्हणजे १ लाख ८० हजार. स्वतःच्याच घामाचे उशिरा मिळालेले पैसे, आणि ते मिळाले म्हणून आम्ही ५० हजारांनी मागे. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणाचा दाखलाही ८ लाखांच्या आतलाच लागतो, तोही गेला. ८ लाखांच्या अलीकडे सगळं आणि पलीकडे काहीच नाही, मधे एक पायरी तरी ठेवायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

तो फरकही आता शिल्लक नाहीये. त्याचं कारण असं की मुलाच्या पहिल्या वर्षी कॉलेजने पूर्ण फी भरून घेतली होती, ईबीसी लागू असताना. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं आधी सगळी भरा, शिष्यवृत्ती जमा झाली की परत देऊ, नाहीतर सीट जाईल. आम्हाला काही माहीत नव्हतं. मी आईने घातलेल्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या आणि ७५ हजार उचलले. ते ६० हजार परत मिळायला १४ महिने लागले, मुलगा दर सोमवारी अकाउंट सेक्शनला जाऊन उभा राहायचा. फरक आल्या आल्या पहिल्यांदा पाटल्या सोडवल्या, मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, उरलेल्यात रूमचं डिपॉझिट गेलं.

परवा सेतू केंद्रात गेले होते. तिथला मुलगा म्हणाला, काकू फॉर्म १६ जोडूच नका, नुसती शेती आणि मजुरी दाखवू, पाच लाखांचा दाखला काढून देतो, सगळे असंच करतात. घरी येऊन मिस्टरांना सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, पोरांच्या शिक्षणाची सुरुवात खोट्या कागदावर करायची नाही. मलाही नकोच आहे ते. तेव्हा कृपया हा मार्ग कुणी सुचवू नका.

मला विचारायचंय ते असं की एकाच वर्षी आलेल्या फरकामुळे उत्पन्न वाढलं तर काही सवलत असते का, यंदा शिष्यवृत्ती नाही भरली तर पुढच्या वर्षी पुन्हा भरता येते की कायमची जाते, आणि एज्युकेशन लोन घ्यायचं तर दोघांसाठी घ्यावं का एकासाठी. बँकेत विचारलं तर साहेब म्हणाले जमिनीची कागदपत्रं आणा, तारण लागेल. मुलगी कालपासून म्हणतेय की मी बी.एस्सी.ला जाते, दादाचं पूर्ण होऊ दे. मला ते होऊ द्यायचं नाहीये.

कोयनाकाठ: ताई, मी बरीच वर्षं कॉलेजच्या स्कॉलरशिप सेक्शनला काम केलंय. आधी वाईट बातमी सांगतो, फरक वजा करायची सोय माझ्या तरी पाहण्यात कधी आली नाही, दाखल्यावर जो आकडा तोच धरतात. टीएफडब्ल्यूएसच्या म्हणजे ट्यूशन फी माफ असलेल्या सीट, ज्यांच्या चॉइस कोडच्या शेवटी टी असतो, त्यालाही ८ लाखांचीच अट आहे, त्यामुळे दाखला होत नसेल तर ते कोड ऑप्शनमध्ये टाकू नका. आणि काहीही झालं तरी प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर मुलींची १०० टक्के माफी पुढेही मिळणार नाही, उत्पन्न कितीही कमी असो.

आता एक विचारतो. सातबारा कुणाच्या नावावर आहे? तुम्ही लिहिलंय तलाठ्यांनी शेतीचे ४५ हजार धरले, पण कुणाचे म्हणून धरले?

धागाकर्ती: सातबारा सासूबाईंच्या नावावर आहे. सासरे वारल्यावर त्यांच्या एकट्यांच्या नावावर झाला, वाटप झालेलं नाही. कारखान्याचं ऊसबिल पण त्यांच्याच खात्यात येतं, पासबुकात आहे. औषधपाणी त्यातून चालतं त्यांचं. पण कसतात मिस्टरच, पहाटे पाणी धरायला तेच जातात.

कोयनाकाठ: मग तहसीलमध्ये जाऊन हेच नीट विचारा. ईबीसीला आईवडिलांचं मिळून उत्पन्न बघतात. जमीन आजीची, बिल आजीच्या खात्यात, तर ते वडिलांच्या उत्पन्नात कोणत्या आधारावर मिळवलं हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ७ लाख ९३ हजार हे ८ लाखांच्या आत आहेत. मी असं म्हणत नाही की होईलच, निर्णय तहसीलदारांचा. पण अर्ज लेखी करा, सोबत सातबारा, आठ अ (खातेउतारा), सासूबाईंचं पासबुक, फॉर्म १६ सगळं जोडा आणि पोच घ्या. तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर मिळतं.

धागाकर्ती: हे खोटं तर होणार नाही ना? मिस्टर पहिलं हेच विचारतील.

कोयनाकाठ: तुम्ही काहीच लपवत नाही आहात ताई. सगळे कागद समोर ठेवून विचारताय की हे कुणाचं उत्पन्न. सेतूतला मुलगा फॉर्म १६ लपवायला सांगत होता, त्यात आणि यात जमीन अस्मानाचा फरक आहे.

सप्तर्षी: बँकेत आहे म्हणून फक्त लोनपुरतं लिहिते. चार लाखांपर्यंतच्या एज्युकेशन लोनला तारण नाही, मार्जिनही (आपण स्वतः भरायचा वाटा) नाही, आईवडील सहकर्जदार लागतात एवढंच. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या क्रेडिट गॅरंटी योजनेत विनातारण बसतं. तेव्हा जमिनीची कागदपत्रं आत्ता कुणाला देऊ नका, शाखेत लेखी अर्ज द्या आणि नकार असेल तर तोही लेखी मागा. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून ऑनलाईन पण करता येतो अर्ज. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झालीये, त्यात ठरावीक यादीतल्या कॉलेजांमधल्या मुलांना विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं, उत्पन्न कितीही असलं तरी. व्याजात ३ टक्के सूट मात्र ८ लाखांच्या आतल्यांनाच. कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा.

आणि हे महत्त्वाचं. लोन मुलीच्या चारही वर्षांचं मंजूर करून घ्या पण उचलायचं लागेल तेवढंच. बँक पैसे दरवर्षी फीप्रमाणे थेट कॉलेजला पाठवते, एकदम देत नाही. यंदा लागले तर यंदाची फी उचला, पुढच्या वर्षी माफी मिळाली तर फक्त डेव्हलपमेंटपुरते घ्या. न उचललेल्या पैशावर व्याज नसतं. शिकत असताना सरळ व्याज लागतं, ते महिन्याच्या महिन्याला भरत गेलात तर नंतरचा हप्ता हलका होतो आणि बऱ्याच बँका दरात १ टक्का कमीही करतात. कॅपचं अलॉटमेंट लेटर आणि कॉलेजचं फी स्ट्रक्चर लेटर लागेल, ते हातात आलं की त्याच दिवशी जा. दोघांसाठी घेऊ नका. मुलाची दोनच वर्षं राहिलीत, त्याचं तुम्ही ओढलंय तसं ओढा, लोन मुलीच्या नावाने घ्या.

माणदेशी: वहिनी, आमच्याकडे असंच झालं होतं, माझा प्रमोशनचा फरक आलेला. मुलाला पहिल्या वर्षी काही मिळालं नाही, दुसऱ्या वर्षी उत्पन्न आत आलं, महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज भरला आणि मिळाली, तिसऱ्यालाही मिळाली. त्यामुळे कायमचं जातं असं नाही, एक वर्ष कसंतरी काढायचं. तुमचा एरवीचा पगार सव्वासहा लाखांच्या आसपास आहे, करारात वाढलाय तो धरूनही पुढच्या वर्षी आत याल असं वाटतंय, पण पगाराच्या स्लिपा घेऊन आत्ताच बेरीज करून ठेवा म्हणजे पुन्हा धक्का नको.

दुसरं, मिस्टरांनी रिटर्न भरायच्या आधी फॉर्म १०-ई भरलाय का? मागच्या वर्षीचा फरक या वर्षी मिळाला असेल तर कलम ८९ खाली टॅक्समध्ये सूट मिळते. दाखल्याला त्याचा उपयोग नाही पण चार पैसे परत येतील. माझे आले होते, त्यातून मुलाचा लॅपटॉप झाला.

आणि मुलीला कराडचं शासकीय अभियांत्रिकी ऑप्शनमध्ये वरती टाकायला सांगा. मिळेल का ते कटऑफवर आहे, ब्रँचही कदाचित दुसरी मिळेल, पण सरकारी कॉलेजची फी प्रायव्हेटपेक्षा कमी असते आणि घरून एसटीच्या पासावर जाईल, रूम मेस काहीच नाही. वर्षाचा लाखभर तिथेच वाचतो. इतर कॉलेजं टाकताना प्रत्येकाची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साईटवर बघून टाका.

कोयनाकाठ: अजून एक राहिलं. दाखला झाला आणि मुलगी पात्र ठरली तर प्रवेशाच्या वेळी तिच्याकडून ट्यूशन फी मागायची नाही अशा शासनाच्या सूचना आहेत. मुलाच्या वेळी झालं ते पुन्हा होऊ देऊ नका. मागितलीच तर म्हणा की कशापोटी घेताय ते पावतीवर लिहून द्या. मुलीचं बँक खातं आधारशी लिंक आहे का तेही आत्ताच बघा, आणि महाडीबीटीवर अर्ज भरला की दर आठवड्याला लॉगिन करून बघत राहा, त्रुटीसाठी परत पाठवलेला अर्ज तिथेच पडून राहतो आणि मुदत निघून जाते.

धागाकर्ती: सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढ्या वेळात एवढं लिहिलंत. काल रात्री मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं. सातबाऱ्याचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले आईला पण विचारायला पाहिजे. सासूबाई आत झोपलेल्या नव्हत्याच, आतूनच म्हणाल्या माझं पासबुक कपाटात वरच्या खणात आहे, उद्या मी पण येते तहसीलला.

आज सकाळी सातबारा आणि आठ अ काढून आणला, अर्ज मुलीने लिहिलाय, माझं अक्षर बरं नाही म्हणून. उद्या साडेदहाला जातोय. १०-ई भरलेला नाहीये, रिटर्नही अजून व्हायचंय, ते एका ओळखीच्या माणसाकडे दिलंय. कराडचा कोड मुलीने तिसऱ्या नंबरवर टाकला होता, तो पहिल्यावर घेतला. दाखल्याचं काहीही झालं तरी इथे येऊन लिहीन. सप्तर्षी ताई, दाखला नाही झाला तर बँकेत द्यायचा अर्ज कसा लिहायचा ते तुम्हाला मेसेज करून विचारलं तर चालेल का?