थँक्यू तोंडपाठ आहे, पण मनात?

विषय: मुलीला कृतज्ञता कशी शिकवायची?

नमस्कार मंडळी,
आमची लेक साडेचार वर्षांची आहे. ‘काय म्हणायचं?’ असं विचारलं की ‘थँक्यू’ लगेच येतं, तेही समोरच्याकडे न बघता. परवा आजोबांनी तासभर बसून तिचं फाटलेलं चित्रांचं पुस्तक चिकटवून दिलं. तिने ते उचललं, थँक्यू म्हटलं आणि पळाली. मला फार वाईट वाटलं. रागावून उपयोग नाही हे कळतं, पण मग करायचं काय? बालवर्गाच्या ताई, काही सुचवाल का?
– एक आई

विषय: उत्तर – मुलीला कृतज्ञता कशी शिकवायची?

नमस्कार,
वाईट वाटून घेऊ नका. शब्द तिला येतो, त्यामागचा माणूस अजून दिसलेला नाही. ‘कृतज्ञ’ म्हणजे केलेलं जाणणारा. आपण मात्र जाणण्याआधीच म्हणायला लावतो. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे मुलांना साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास उमजू लागतं. म्हणून या वयात गोष्टी फार कामी येतात.

मी मुंगी आणि कबुतराची गोष्ट सांगते. मुंगी पाण्यात पडते, कबूतर पान टाकतं. पुढे पारधी नेम धरतो तेव्हा मुंगी त्याच्या पायाला कडकडून चावते. पान पडलं की मी थांबते. ‘कबुतराला काय गरज होती?’ एवढंच विचारते आणि गप्प बसते. हे गप्प बसणं जमलं पाहिजे, आपणच घाईने उत्तर देऊन टाकतो. एकदा एक मुलगा म्हणाला, ‘पण मुंगी थँक्यू म्हणालीच नाही!’ शेजारची मुलगी लगेच म्हणाली, ‘चावली ना!’ त्या दिवशी मी तात्पर्य सांगितलंच नाही.

दुसरं म्हणजे हात मोजणं. ते चिकटवलेलं पुस्तकच घ्या. गोष्ट कोणी लिहिली, चित्रं कोणी काढली, छापलं कोणी, घरी आणलं कोणी, फाटल्यावर जोडलं कोणी? प्रत्येकासाठी कागदावर हात ठेवून पेन्सिलीने कडा गिरवायची. कागद हातांनी भरला की मुलं स्वतःच बघत राहतात.

आणि तिने आजोबांना तुटका खडू दिला तर हसू नका. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञ फ्रान्झिस्का बाउमगार्टन-ट्रामर यांनी स्वित्झर्लंडमधल्या मुलांना विचारलं होतं, ‘तुझी सगळ्यात मोठी इच्छा पुरी करणाऱ्यासाठी तू काय करशील?’ लहान मुलं बरेचदा स्वतःला आवडणारी वस्तूच देऊ करत. त्या माणसाला काय आवडेल, हा विचार मोठ्या मुलांच्या उत्तरांत जास्त दिसला.

रोज रात्री आभारांची यादी करायला लावू नका, चार दिवसांत तीही पाठ होते. आठवड्यातून एकदा पुरे.
– बालवर्गाची ताई

विषय: उत्तर – मुलीला कृतज्ञता कशी शिकवायची?

ताई, काल हात मोजले. आजोबांचा हात कागदावर मावेना, बोटं बाहेर गेली. तिने दुसरा कागद जोडायला टेप मागितली आणि सरळ लावताना तीनदा चुकली. मग चिकटवलेल्या पानावरून बोट फिरवत म्हणाली, ‘आजोबा, तुमची सरळ कशी आली?’ आजोबा अजून तिला ते दाखवतायत.
– तीच आई