सायकल गटानं रविवारच्या फेऱ्या बंद कराव्यात का?

साखळीतेल, पुणे

पुण्यात सायकलींसाठी काम करणारा आमचा छोटा गट आहे. नोंदणी नाही, कार्यालय नाही, वर्गणी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दोनशेच्या वर माणसं आहेत, पण काम निघालं की तीच सहा-सात. मागच्या बैठकीत मी म्हटलं, रविवारच्या फेऱ्या वर्षभर थांबवू आणि सगळी ताकद एका रस्त्याला लावू. दोन जुने सहकारी उठून गेले. मला त्याचं वाईट वाटलं, पण मत बदललेलं नाही.

महापालिकेच्या मुख्य सभेनं सायकल आराखडा डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून मोठं जाळं आखलंय. त्याच्या कितीतरी आधी बीआरटीच्या (बससाठी राखीव मार्गिकेच्या) निमित्तानं सातारा रस्ता, सोलापूर रस्ता यांच्या कडेनं ट्रॅक झाले होते. म्हणजे मागणी तत्त्वतः मान्य होऊन बरीच वर्षं झाली. आता ‘सायकल वापरा’ असं लोकांना सांगत फिरण्यापेक्षा मान्य झालेलं पदरात पाडून घ्यायचं काम उरलंय, आणि ते कंटाळवाणं आहे.

आमच्या भागातला एक ट्रॅक घ्या. जेमतेम सव्वा किलोमीटर. सुरुवातीलाच दुचाकी लावलेल्या. पुढे मधोमध विजेची डीपी. मग सोसायटीच्या गेटपाशी वीतभर उंचीची पायरी, ड्रेनेजचं वर आलेलं झाकण आणि शेवटी राडारोड्याचा ढीग. यासाठी आम्ही सहा वर्षांत पत्रं दिली दोन. फेऱ्या मात्र जवळपास दर रविवारी. मार्ग ठरवणं, टी-शर्ट, केळी, पंक्चरचं सामान, फोटो. शनिवार-रविवार त्यातच संपतो आणि सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात जायला कुणी उरत नाही. खडकवासल्याला आम्ही कितीही वेळा जाऊन आलो तरी ते झाकण खाली बसलेलं नाही.

तुमच्या गावात कसं चाललंय? आणि मी चुकतोय असं वाटत असेल तर स्पष्ट सांगा.

सावकाश_चालवा

चुकताय, दादा.

मी सत्तेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकले, अशाच एका गटाच्या रविवारच्या फेरीत. लहानपणी भावाला मिळाली, मला मिळाली नाही. पहिल्या दिवशी एक अनोळखी मुलगी सीट धरून माझ्यामागे मैदानभर पळत होती. तिच्या भरवशावर मी पुढे रस्त्यावर आले, आणि रस्त्यावर आले म्हणून तुमचं ते वर आलेलं झाकण मला दिसलं. त्याआधी बारा वर्षं मी तिथून रिक्षानं जात होते, कधी लक्षही गेलं नव्हतं.

गेल्या वर्षी वॉर्डातल्या निवेदनावर सह्या गोळा केल्या त्या आम्ही रविवारच्या बायकांनीच. तुम्ही म्हणता कामाला सहा-सात जण येतात. ते सहा-सात आले कुठून? फेरी बंद केलीत तर दोन वर्षांनी ते थकतील आणि त्यांच्या जागी उभं राहायला कुणी नसेल.

मोजमाप_पुस्तिका

मी एका महापालिकेत रस्ते विभागात शाखा अभियंता होतो, आता निवृत्त आहे. टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं सांगतो.

सायकल गटांची पत्रं मी पुष्कळ वाचली. ‘शहर सायकलस्नेही करा’ अशा पत्रावर अभियंता काय करणार? ‘योग्य कार्यवाहीस्तव’ लिहून पुढे पाठवणार. त्याउलट एका गृहस्थानं एका पानाचं पत्र आणलं होतं. दिव्याच्या खांबाचा क्रमांक, तिथपासून झाकण किती मीटरवर, रस्त्यापेक्षा किती वर, आणि फोटो. ते काम पंधरा दिवसांत झालं, कारण मला त्यात शोधायला काही ठेवलंच नव्हतं.

तेव्हा आधी टेप घेऊन चाला. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनं सायकल ट्रॅकची रुंदी किमान दोन मीटर धरली आहे. तुमचा कुठे किती भरतो ते दर पन्नास पावलांवर लिहा. मग माहिती अधिकारात कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदतात त्या वहीची) प्रत आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ते मागवा. हे शेवटचं फार महत्त्वाचं. तो कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची असते, म्हणजे ‘निधी नाही’ हे उत्तर देताच येत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप आणि तीस दिवस, एवढीच गुंतवणूक. अर्ज मात्र गटाच्या नावानं नको, व्यक्तीच्या नावानं करा. कायदा नागरिकाला अधिकार देतो.

कालावधी संपला असेल तर अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामं मागवतात तेव्हा अर्ज भरा. पुण्यात एका कामाला पाच लाखांपर्यंतची मर्यादा असते. पायरी काढून उतार करायला तेवढे पुरतात. साधारण पावसाळ्याच्या शेवटी अर्ज घेतात. ती तारीख चुकली की वर्ष गेलं.

साखळीतेल, पुणे

काका, ही माहिती आम्हाला सहा वर्षांपूर्वी हवी होती. आमची दोन्ही पत्रं ‘सायकलस्नेही’वालीच होती.

सावकाश_चालवा ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण माझी अडचणही समजून घ्या. आमच्या फेरीला येणारे बहुतेक जण शंभर किलोमीटरच्या तयारीत असतात, सायकल गाडीच्या टपावर बांधून आणतात. त्यांना या सव्वा किलोमीटरवरून कधी जावंच लागत नाही. तुमची शिकवणी आणि आमची फेरी वेगळी आहे. शिकवणी मी बंद करू म्हणणार नाही.

पहिली_पाळी

मी एकवीस वर्षं कारखान्यात सायकलनं जातो. गिअर नाही, हेल्मेट नाही. पहाटे पाचला निघतो. वाटेत पेपरवाली पोरं, दूधवाले, रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन, साइटवर चाललेले मजूर, सगळे सायकलीवर. यांच्यातला एकही तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.

मला एका गटानं एकदा बैठकीला बोलावलं होतं. रविवारी अकरा वाजता, कॉफी मिळते तिथे. गेलो. सगळे चांगले बोलले. पण दीड तास चर्चा झाली ती शहरात भाड्याच्या सायकली पुन्हा आणाव्यात का यावर. २०१७-१८ मध्ये त्या आल्या होत्या, आम्ही लांबून बघितल्या. अ‍ॅप, स्मार्टफोन, आगाऊ पैसे, आमच्यातल्या कुणाला जमणार होतं?

मला ट्रॅकही नकोय, खरं सांगतो. ट्रॅक दिसला की मागचा बसवाला हॉर्न मारतो, ‘तुझा रस्ता तिकडं’ म्हणतो, आणि तिकडं तर जाता येत नाही. मोडका ट्रॅक नसलेला बरा. मला पहाटे दिवे चालू हवेत, झाकणं रस्त्याच्या पातळीत हवीत आणि पुलाच्या चढाला कडेनं हातभर जागा हवी. फेरी काढा नाहीतर बंद करा, तुम्ही ज्यांच्यासाठी भांडताय त्यांना आधी विचारा.

कोपऱ्यावरचं_दुकान

माझं दुकान अशाच ट्रॅकला लागून आहे. गिऱ्हाईक दोन मिनिटांसाठी गाडी लावतं, ती ट्रॅकवरच लागते, कारण दुसरी जागाच नाही. फोटो काढून तक्रार करणारे आले, पण ‘तुमचं काय?’ असं एकानंही विचारलं नाही. पंधरा दुचाकींची जागा आखून द्या, मी स्वतः ट्रॅक मोकळा ठेवीन. माझा पोरगाही सायकलवर शाळेत जातो.

हिशेबनीस

थोडं वेगळं. आमच्या गटानं संस्था म्हणून नोंदणी केली. सात जण लागतात, ते मिळाले. पुढे दर वर्षी लेखापरीक्षण, कार्यकारिणीत एक माणूस बदलला तरी धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत बदल अर्ज. आमचा सर्वांत चांगला कार्यकर्ता या कागदात अडकला, रस्त्यावर दिसेनासा झाला. मोठी देणगी घ्यायची नसेल तर घाई करू नका. लोकांकडून रोख घेत असाल तर महिन्याचा हिशेब मात्र सगळ्यांपुढे ठेवा, पाचशे रुपयांचा असला तरी. आमच्याकडे पहिली फूट पंक्चरच्या सामानाच्या पैशांवरून पडली.

सावकाश_चालवा

पहिली_पाळी दादांचं वाचून आपलंही चुकलं असं वाटलं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताई सायकलवरूनच येतात. चार वर्षांत मी त्यांना एकदाही फेरीला बोलावलं नाही. रविवारी त्यांना सुट्टी नसते, हेही आत्ता लक्षात आलं.

तरी फेरी पूर्ण बंद करायला माझा विरोध कायम आहे. महिन्यात एक ठेवा, आणि ती त्याच सव्वा किलोमीटरवरून न्या. टपावर सायकल बांधून येणाऱ्यांनाही ती पायरी उतरून चढू दे.

मोजमाप_पुस्तिका

महिन्यातून एक ठीक आहे. फक्त एक विनंती, फेरी कामाच्या दिवशी ठेवा आणि संबंधित अभियंत्याला आधी लेखी कळवून बोलवा. तो येईलच असं नाही, पण आला तर जागेवर दाखवता येतं. मार्च २०२२ नंतर बरीच वर्षं पुण्यात नगरसेवक नव्हते, सगळं प्रशासकाच्या सहीनं चालायचं. तेव्हा ज्या नागरिकांनी अभियंत्यांशी थेट ओळख करून घेतली, त्यांची कामं पुढे सरकलेली मी पाहिली आहेत.

साखळीतेल, पुणे

मान्य. फेरी महिन्यातून एक, तीही त्याच पट्ट्यावर, बाकीचे रविवार मोजणीला. दुकानदारांकडे आधी जाऊ, तक्रार नंतर. ट्रॅक हवाच की नको, यावर माझं आणि पहिली_पाळी यांचं जमेल असं नाही. मला नीट केलेला ट्रॅक अजून हवाय, कारण माझी दहा वर्षांची मुलगी बसच्या शेजारून सायकल चालवू शकत नाही. पण झाकणं आणि दिवे यांवर वाद नाही, तिथून सुरुवात करू.

पहिली_पाळी, बैठक तुमच्या वेळेला घेतो. पाळी कधी सुटते?

पहिली_पाळी

साडेतीनला. चारला पुलाखाली चहाच्या टपरीवर असतो, आणखी पाच-सहा जण असतात. झाकणं आम्ही दाखवतो, टेप तुम्ही आणा.